गजराजाचे दात

सासूबाईंसाठी संडासात चार भोकं पाडायची होती, एवढंच काम होतं. (वाक्य ऐकायला बरं नाही, पण काम तरी कुठे शोभेचं होतं?)

सासूबाई म्हणजे वत्सलाबाई, मुक्काम दिंडोरी, वय अठ्ठ्याहत्तर. मळ्यात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. नाशकात ऑपरेशन झालं, पुढे आमच्याकडेच राहायचं ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "शनिवारी घरी न्या, पण कमोडशेजारी भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या. आता पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत." स्टीलची दांडी मी त्याच दिवशी आणली. ती बसवायची कोणी, हा प्रश्न गुरुवारी निघाला.

"सलाउद्दीनभाईंना बोलवा," मोहिनी म्हणाली. (मोहिनी म्हणजे आमची सौ.)

"चार भोकांसाठी माणूस बोलावू? अगं, बावीस वर्षं ड्रिल मशीन तपासलीत मी!"

"तपासलीत. चालवली कुठे?"

हे मात्र मनाला लागलं. सातपूरच्या कारखान्यात मी टेस्टिंग खात्यात होतो. आमच्या ड्रिलचं नाव 'गजराज'. प्रत्येक मशीन माझ्या टेबलावर यायचं. मी ते सुरू करायचो, कान लावायचो आणि गिअरने जरा जरी कुरकुर केली तरी परत पाठवायचो. मोटारींच्या वाइंडिंग खात्यातला सलाउद्दीन म्हणायचा, "गायधनीभाऊ मशीनचं जेवढं ऐकतात ना, तेवढं वहिनींचं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता."

सत्त्याण्णव साली कंपनी परदेशी लोकांनी विकत घेतली. त्यांच्या साहेबाला फेटा आम्हीच बांधला. साहेबाने भाषण केलं, की नाव तेच राहील आणि माणसंही तीच राहतील. दोनांतली एक गोष्ट त्यांनी पाळली. नाव राहिलं. चार वर्षांत माझी स्वेच्छानिवृत्ती झाली. (स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.) सलाउद्दीनही त्याच यादीत होता. तो तेव्हापासून घरोघरी फिटिंगची कामं करतो, आणि मी घरी बसून त्याला बोलवायचं नाही असं ठरवतो.

तर दोन हजार चार सालच्या त्या गुरुवारी मी तडक मेन रोडला गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, "गजराज द्या."

"काका, दुसरं दाखवू का? हल्ली गजराजच्या फार तक्रारी…"

"अहो, गजराजला नावं ठेवता?" मी त्याला पंधरा मिनिटं गजराजचा इतिहास ऐकवला. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, तेव्हा त्याने हात जोडून खोकं पुढे केलं.

खोक्यावर तोच सोंड उंचावलेला हत्ती पाहून डोळे भरून आले. खोकं उचललं आणि जरा चमकलो. आमचा गजराज उचलताना मनगट दुखायचं. हा दोन बोटांत आला.

"हे केस वाळवायचं आहे का?" घरी आल्यावर मोहिनीने विचारलं.

"तंत्रज्ञान सुधारतं, तशी वजनं कमी होतात," मी म्हणालो. (ते वाक्य परदेशी साहेबाच्या भाषणातलं होतं. आपल्याला पाठ व्हायला नेमक्या नको त्याच गोष्टी होतात.)

शुक्रवारी सकाळी कामाला लागलो. टाइल फुटली नाही, म्हणून मोहिनीकडे विजयाने पाहिलं. पुढे वीट लागली. मशीन आधी गुरगुरलं, मग किंचाळलं आणि मग त्यातून धूर निघाला.

"अहो, दांडी बसवताय की धूप घालताय?"

मी बटण सोडलं. ड्रिलचं बिट भिंतीत असं रुतून बसलं होतं, की मी हात काढला तरी गजराज तसाच लोंबत राहिला. कसंबसं उपसून काढलं, उघडलं. आतला गिअर पांढऱ्या प्लास्टिकचा होता. एकही दाता शिल्लक नव्हता. सासूबाईंच्या तोंडात याहून जास्त दात आहेत. मी तो गिअर तळहातावर घेतला. आमचे गिअर पोलादी असायचे.

शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच दारात उभा राहिलो. काउंटरवर टाय लावलेला अमित नावाचा तरुण होता.

"काका, याआधी ड्रिल हाताळलंय कधी?"

"बावीस वर्षं."

"कुठे?"

"तुमच्याच कंपनीत. सातपूरच्या कारखान्यात."

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "सातपूरला आपलं गोडाऊन आहे काका. माल चीनमधून येतो. तिथे आपण फक्त हत्तीचं स्टिकर लावतो."

माझं टेस्टिंगचं टेबल कुठे होतं ते त्याला सांगावंसं वाटलं. तेवढ्यात त्याने फॉर्म पुढे केला.

"बिघाडाचं कारण. 'उत्पादनातला दोष' लिहिलं तर मशीन तपासणीला बाहेर जाईल, तीन-चार महिने लागतील. 'अननुभवी ग्राहक' लिहिलं तर आत्ता बदलून देतो. स्कीम आहे."

चार वाजता सासूबाई घरी येणार होत्या. मी 'अननुभवी ग्राहक'समोर टिक केली आणि खाली सही ठोकली. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर केली होती तशीच, कुठेही न अडखळता.

नवीन मशीन काउंटरवरच सुरू करून कान लावला. कुरकुर ऐकू आली. कुणाकडे परत पाठवणार? तसंच पिशवीत घातलं.

घरी आलो तर संडासात सलाउद्दीन. मोहिनीने बोलावलं होतं. त्याच्या हातात जुना गजराज होता, ओबडधोबड आणि रंग उडालेला. कारखान्याचं सामान भंगारात निघालं तेव्हा त्याने उचललेला.

"धरा जरा दांडी, भाऊ," तो म्हणाला. माझ्या पिशवीकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मशीन भिंतीला टेकवलं.

दहा मिनिटांत चार भोकं पडली. मशीन चालू होतं तोवर माझा कान आपोआप तिकडे कललेला. आवाज एकसारखा होता.

"पास," मी म्हणालो.

त्याने वायर गुंडाळली, चहा घेतला आणि गेला.

चार वाजता सासूबाई आल्या. वॉकर टेकत, मोहिनीच्या आधाराने थेट संडासापाशी गेल्या. दांडीकडे बघत थांबल्या.

"कोणी बशिवली गं ही?"

"सलाउद्दीनभाईंनी, आई."

"जावयानं हात नाय ना लावला?"

मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. "नुसती धरली होती."

"मंग बसते," सासूबाई म्हणाल्या. "पर आधी त्यान्ला जरा भाईर जायला सांग."