केळीच्या पानांतला डायवर

नियम काढणारे साहेब, बुऱ्हाणपूरच्या भर मैदानात लोटूची अब्रू घालवली ती तुम्हीच! नवं राज्य झालं, कचेऱ्या एकत्र झाल्या, जीप आली, तिला डायवर पाहिजे. म्हणून तुम्ही जुन्या मोटारींची शर्यत लावली. पहिला येईल त्याला नोकरी! आणि वर नियम : ‘चालकाने सुरक्षेचे साहित्य स्वतः निवडावे.’ कसलं साहित्य? तिथं तुमची लेखणी वाळली!

इतवाऱ्यातला लोटू मालधक्क्यावर वॅगनीत केळीचे घड भरायचा, अधूनमधून शेटचा ट्रक हाणायचा. सासू धुरपदाबाई त्याच्या बायकोला, कुसुमला, दापोऱ्याला माहेरी घेऊन बसलेली.

“हमालाच्या घरी पोरगी धाडत नाही. सरकारी डायवर व्हा, मग न्या!”

“झालोच समजा, मामी! नोकरी माझ्या बापाची!” लोटू फुशारकी मारून आला.

सुरक्षेचं साहित्य शोधायला आधी तो भंगारवाल्याकडं गेला. तिथं पलटणीतला लोखंडी टोप होता.

“गोळी लागली तरी टोपाला काही होत नाही, भैया!”

“आणि टोप घालणारा कुठाय?”

भंगारवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. लोटूनं टोप गुपचूप खाली ठेवला.

धक्क्यावरचा जोडीदार यादव म्हणाला, “अरे येड्या, आपला घड दिल्लीपर्यंत आपटत जातो. डाग पडतो का त्याला?”

“पानांत भरतो ना आपण!”

यादवनं लोटूला माप घेतल्यासारखं वरून खाली न्याहाळलं.

शर्यतीच्या सकाळी यादवनं त्याला हिरव्यागार पानांत भरला.

“कपडे तरी घालू दे!”

“घड कपडे घालून जातो का रे?”

लंगोटावर पानं, पानांवर पानं, वरून केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी! लोटूला सीटला असा आवळला की मान वळेना; स्टिअरिंगपुरते पंजे तेवढे मोकळे.

गंमत म्हणजे लोटू खरंच सगळ्यांच्या पुढं निघाला! शेवटच्या फेरीत इंजिन तापून भुसभुस करू लागलं आणि मोटार थांबली ती नेमकी हौदापाशी, पाणी पिणाऱ्या म्हशींच्या मधोमध.

म्हशींनी समोर वाढलेलं ताट पाहिलं!

एकीनं खांदा धरला, दुसरीनं पोट. “हाऽड! हाऽड!” लोटू ओरडत होता, पण हात पानांत बांधलेले!

“लोटूभाऊ, भैंस को मीठा लगा क्या?” गर्दीतून कोणी तरी विचारलं आणि सगळं मैदान लोळू लागलं.

म्हशींनी बाह्या खाल्ल्या, हात सुटले. दरम्यान इंजिनही निवालं. लोटूनं मोटार चालू केली, दात-ओठ खाऊन हाणली, पुढं गेलेल्यांना गाठलं आणि पहिला आला!

पण उरलं काय? लंगोट आणि कंबरेची दोरी. समोरच शर्यत बघायला लेकीला घेऊन आलेली धुरपदाबाई उभी. तिनं पदर डोळ्यांवर ओढला. लोटूला वाटलं, म्हशींनी आपल्यालाही खाऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं. कुसुम पदरात तोंड खुपसून हसत होती, आणि हसता हसताच तिनं यादवच्या खांद्यावरचं उपरणं ओढून नवऱ्याकडं फेकलं.

तेवढ्यात तुमचा माणूस आला. “सुरक्षा साहित्य कहाँ है?”

लोटूनं मान खाली घालून हौदाकडं बोट दाखवलं. म्हशी रवंथ करत होत्या.

“नियमभंग!” झाला लोटू शर्यतीतून बाद!

साहेब, निवडायचं म्हणालात, त्यानं निवडलं. म्हशींनी खाऊ नये असं कुठं लिहिलं होतं? कुसुमचं गाठोडं बांधून तयार आहे, पण धुरपदाबाई दारात आडवी बसलीय. म्हणते, सरकारचं उत्तर आणा. तर सांगा, साहेब : आमचा लोटू पहिला आला की नाही?