मोठ्या जावयाची तीनशेची लेन्स

तुम्हाला साडू आहे का हो? असेल तर बद्रीनाथचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बद्रीनाथ अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कारकून. भोकरदनजवळच्या सासरवाडीत तो मोठा जावई. धाकटा जावई तातेराव मास्तर. गेल्या दिवाळीला तातेरावानं नवा डिजिटल कॅमेरा आणला, त्याला दोनशे एमएमची झूम लेन्स लावली आणि घराच्या माळवदावर उभं राहून पार विहिरीवरच्या लिंबाच्या झाडातला पोपट टिपला. सासूबाई सगुणाबाईंनी तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "बया! पोपटाचा डोळा बी दिसून राह्यला की!"

झालं. तेव्हापासून तो पोपट बद्रीनाथच्या डोक्यात जाऊन बसला. (जेवताना, झोपताना, हजेरीपत्रक भरतानासुद्धा तो पोपट त्याच्याकडे टक लावून बघायचा.)

वैशाखात धाकट्या मेव्हणीचं, बेबीनंदाचं लग्न निघालं. बद्रीनाथकडे कॅमेरा होता, त्यावर लहानशी लेन्सही होती. पण तो लगेच जुन्या जालन्यात रामकिसनच्या दुकानात गेला.

"काय काढायचंय?" रामकिसननं विचारलं.

"लग्न."

"मंग हाय तीच लेन्स बराबर हाय तुमची."

"माझ्या साडूकडं दोनशेची हाय. त्याहून मोठी कोणती?"

"तीनशेची. पण दाजी, ही लांबचं जवळ आणती. जवळचं काढायचं तर तुम्हाला लई मागं सरकावं लागंल."

"आमच्या सासऱ्याचा मांडव वावरात हाय. जागेची काळजी तुम्ही करू नका!"

लेन्स घरी आली. दुधीभोपळ्याएवढी होती. बायकोनं ती उलटसुलट करून पाहिली.

"अहो, ती धाकली लेन्स बी घ्या संगं. अडीनडीला कामी येईल."

"ती कुणाला दिसणार हाय?" बद्रीनाथ म्हणाला आणि धाकटी लेन्स पेटीत टाकून त्यानं कुलूप लावलं.

आता एक सांगायला हवं. त्या घरात मुलीचं लग्न लागलं, की आधीच्या जावयांना मांडवात नाव पुकारून फेटा बांधायचे. पहिला फेटा मोठ्या जावयाचा. दिवाळीपासून सगळं कौतुक तातेरावाकडे गेलं होतं. हा पहिला फेटा तेवढा बद्रीनाथच्या हक्काचा उरला होता. फेटा आणि लेन्स एकाच दिवशी! तातेरावाचं तोंड कसं होईल, हे तो महिनाभर मनात रंगवत होता.

लग्नाच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून तो मांडवात शिरला, तेव्हा मान जडावून पुढे झुकली होती. पण तातेरावानं लेन्सकडे दोनदा पाहिलं. एवढ्यानं मान पुन्हा सरळ झाली.

स्टेजसमोर उभं राहून त्यानं डोळा लावला. आत फक्त नवरदेवाचं नाक होतं. मुंडावळ्यांसकट.

तो चार पावलं मागं सरकला. नवरदेवाचं तोंड मावलं, नवरी बाहेरच. आणखी सरकला.

"दाजी, पाय तुडवला की माझा!" मागून एक मेव्हणी ओरडली.

बायकांमधून, म्हाताऱ्यांमधून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून तो मागं मागं जात राहिला, तो थेट मांडवाबाहेर आचाऱ्याच्या चुलवणापाशी पोचला. तिथून मात्र नवरा, नवरी, मामा, भटजी, सगळे झक्क दिसले!

"भाऊ, आलेच हायेत तर वरणात डाव फिरवा जरा," आचारी म्हणाला.

"मी मोठा जावई हाय!"

"मंग जावई हिकडं काय करून राह्यले?"

उत्तर द्यायच्या आत भोंगा वाजला. "मोठे जावई बद्रीनाथराव, जल्दी स्टेजवर या!"

बद्रीनाथ धावला. पण अक्षता नुकत्याच पडल्या होत्या, माणसं उठली होती आणि पंगतीसाठी सगळा मांडव चुलवणाच्या दिशेनं निघाला होता. तो दोन पावलं पुढे गेला की गर्दी त्याला चार पावलं मागं आणायची. नाव तीनदा पुकारलं. त्यानं हात हलवले, ओरडला. लोकांना वाटलं, हा जेवायला बोलावतोय. ते आणखी जोरात आले.

शेवटी तो आचाऱ्याच्या पाटावर चढला आणि त्यानं लेन्समधून पाहिलं. सासरेबुवा म्हणत असावेत, "मुहूर्ताचा फेटा रिकामा ठेवू न्हाई." कारण तो गुलाबी फेटा तातेरावाच्या डोक्याला बांधला जात होता. पहिला फेटा!

रागानं बद्रीनाथचं बोट बटणावर दाबलं गेलं.

संध्याकाळी सगळे फोटो बघायला जमले. नाक. अर्धी मुंडावळी. भटजींचा कान. पुन्हा नाक. आणि मग एकदम तातेराव, फेट्यासह, आरशासारखा स्वच्छ.

सगुणाबाई कॅमेऱ्यावर वाकल्या. "बया! पापणीचा केस न् केस दिसून राह्यला! जावईबापू, तुमची लेन्स तातेरावाच्या लेन्सीपेक्षा लई चांगली हाय बरं का!"

हे ऐकण्यासाठी बद्रीनाथनं सहा महिने वाट पाहिली होती.

"याचा मोठा फोटो करून आणा," त्या पुढे म्हणाल्या. "बैठकीत लावू. पोपटाच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ पहिल्या एस.टी.नं जालन्याला गेला आणि रामकिसनच्या दुकानात तातेरावाचा फोटो मोठा करायला टाकून आला.