नऊ नंबरचे बूट

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना कुणालाही भेटले की आधी त्याचे पाय बघतात आणि मग तोंड. माझी त्यांची पहिली भेट जिन्यात झाली तेव्हा ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "साहेब, डावा अंगठा दबतोय तुमचा." मग मान वर करून विचारलं, "नाव काय म्हनले?"

नाना सोयगावकडचे. घर मेंढपाळांचं. लहानपणी मेंढरांमागं फिरले, मग शिकून सरकारी कचेरीत लागले. पण फायलींमध्ये हयात गेली तरी मेंढरांची विद्या काही सुटली नाही. "मेंढराचं आधी खूर बघायचं. एकाचं खूर दुखलं की समदा कळप थांबतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल धरली आणि आमच्या रविवारच्या सायकल गटात आले. हा गट मी काढला. मुद्दाम सांगतो, कारण आता ते कुणाच्या लक्षात नाही.

झालं असं, की दौलताबादच्या फेरीत एकाच्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मी म्हणालो, सवयीनं जाईल. नानांनी त्याला कडेला बसवून बूट उतरवायला लावले, पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "बूट दुकानदाराला इचारून घेतला व्हय? पायाला इचारायचं!" त्या दिवसापासून गटात कुणाला बूट घ्यायचे असले की नाना सोबत हवेत. मला कुणी साधी घंटीसुद्धा विचारून घेत नाही.

त्यांची खरेदी बघण्यासारखी असते. ती संध्याकाळीच होते. "दिवसभरात पाय फुगतो. सकाळी घेतलेला बूट जवळच्या करमाडपुरता, संध्याकाळचा पार सोयगावपर्यंत." गिऱ्हाइकाला पैठण गेटपासून गुलमंडीच्या बाजारापर्यंत चालवत न्यायचं. सायकलवर घालायचे मोजे घरून आणायचे. दुकानात बूट दोन्ही टोकांना धरून वाकवायचा. तळवा ताठ राहिला तरच पुढची बोलणी. मग पायरीच्या कडेवर, पेडलवर ठेवतात तसा चवडा ठेवून माणसाला चांगलं दहा मिनिटं उभं करायचं. "बोटं हलवा. हललीच पायजेत. टाच हलली नाय पायजे." ते दिसले की दुकानदार आत ओरडतो, "चाचा आ गए रे, अब घंटाभर छुट्टी!" पण खुर्ची पुढं करतो, हेही खरं.

माझी बायकोसुद्धा त्यांच्याबरोबर जाऊन बूट घेऊन आली. सायकलनं करमाडला जाऊन आली त्या दिवशी जेवताना म्हणाली, "पायात काही आहे असं वाटतच नाही हो!" लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याच निवडीचं तिनं असं कौतुक केलेलं नाही. भाजी तिखट होती, पण मी बोललो नाही.

मी नानांना विचारणार नव्हतो. एकटाच गेलो, तेही सकाळी, आणि चकचकीत, अरुंद, परदेशी बूट घेतले. आठ नंबर. कॉलेजपासून माझा आठच. नानांनी पाहिले आणि फक्त "हं" म्हणाले. तो "हं" मला आठवडाभर पुरला.

मग मी त्यांच्यात खोट शोधू लागलो आणि सापडलीही. रोज संध्याकाळी नाना गच्चीवर भलेमोठे बूट घालून फटक फटक फेऱ्या मारायचे. त्यांचा पाय सातचा, आत मोज्यांचे तीन जोड. मी ही गोष्ट गटात रंगवून सांगितली. म्हटलं, जो स्वतःला असले बूट घेतो त्याचा सल्ला तुम्ही घेता! सगळे पोटभर हसले आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याचबरोबर गुलमंडीला गेले.

आमची वर्षाची मोठी फेरी सोयगावची. गेल्या वर्षी मी सिल्लोडला बोटं बधिर होऊन सोबतच्या टेम्पोत बसलो होतो. या वर्षी पोचायचंच, आणि नानांच्या आधी पोचायचं, असं मी ठरवलं होतं. निघताना नाना "पानी इसरलो" म्हणत परत वर गेले. मला बरंच वाटलं.

फुलंब्रीपर्यंत मी पुढं होतो. सिल्लोडच्या अलीकडं उजवा पाय आहे की नाही तेच कळेना. लिंबाखाली बसून बूट काढतोय तोवर नाना आले. त्यांनी कॅरिअरची पिशवी सोडली आणि गच्चीवरचे ते बूट काढले.

"माझा नंबर आठ आहे," मी म्हणालो.

"व्हय, आठच. या कंपनीचा नऊ आपल्या आठाएवढाच भरतो."

ते खोटं होतं, आणि माझ्या आठाचा मान राहावा म्हणून ते बोलले होते. मग ते खाली बसले आणि माझी लेस बांधू लागले. सकाळी लेस ओढताना माझं तोंड वाकडं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. पाणी विसरलं नव्हतं.

"कुणाचे हो हे?" मी विचारलं.

"पोराचे. बेंगळुरूला असतो. दिवाळीला येतो म्हनला होता, संगं सोयगावला सायकलनं जाऊ म्हनला. म्हनून घेऊन ठिवले. तीन दिवाळ्या झाल्या." त्यांनी गाठ मारली. "बूट नुसता ठिवला की सोल सुटतो, साहेब. फिरवावा लागतो. हलवा बोटं."

बोटं हलली. मला मात्र वर बघवेना. गच्चीवरची ती फटक फटक मी चारचौघांत किती रंगवली होती!

अजिंठ्याचा घाट उतरून आम्ही दोघं बरोबरच सोयगावला पोचलो. शाळेच्या ओट्यावर बसल्यावर नानांनी मोबाइल काढला आणि माझ्या धुळीनं भरलेल्या पायांचा फोटो घेतला. तोंडाचा नाही. तो पोराला पाठवून खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं, "बूट सोयगावला पोचले."

थोड्या वेळानं फोन वाजला. उत्तरात नुसता अंगठा आला होता. नानांनी तो मला दोनदा दाखवला. "बघा, लगेच उत्तर देतो," म्हणाले.

मी जन्माचा हेवेखोर. पण जे बूट माझ्या पायात इतके बरोबर बसले होते ते ज्याच्यासाठी घेतले, त्या न पाहिलेल्या पोराचा मला त्या दिवशी जितका हेवा वाटला, तितका आजवर नानांचाही वाटला नव्हता.