दंग्याला हरकत न्हाय

दगडोबानं परवानगी मागितली होती कुस्त्यांच्या दंगलीची, आणि साहेबापुढं गेला दंगा.

दोष कारकून दत्तोपंतांच्या हाताचा, डोक्याचा नव्हे. डोकं कचेरीत आणायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. निजाम जाऊन एकोणीस वर्षं झाली, कारभार मराठीत आला, पण धाराशिवच्या त्या कचेरीत पंतांचं कच्चं टिपण अजून उर्दूतच. दगडोबा तोंडी सांगत गेला: श्रावणात बिरदेवाची यात्रा, यात्रेत कुस्त्यांची दंगल. उर्दूत 'दंगल' आणि 'दंगा' यांत फरक शेवटच्या अक्षराच्या वळणाचा, एका आकड्याचा. घाईत पंतांनी तो आकडा वळवलाच नाही. दुपारी चहा पिऊन स्वतःचंच अक्षर वाचत त्यांनी मराठी प्रत केली: 'दगडोबा यांस यात्रेत दंगा करण्याची परवानगी मिळावी.'

इतका प्रामाणिक दंगेखोर साहेबानं पाहिला नव्हता. आठ दिवसांत दगडोबाच्या वाडीवर हुकूम आला, दंगा होऊ नये म्हणून यात्रेत पाच माणसं एकत्र जमायची नाहीत. बंदोबस्ताला धोंडीबा जमादार.

गेल्या साली मुरुम गावच्या विरुपाक्ष पैलवानानं दगडोबाला चितपट केलं होतं. तेव्हापासून बायको मथुराबाई ताट वाढताना म्हणायची, "पाठीची माती झाडून बसा." चाळिशी उलटली होती, पुढल्या साली गुडघे ऐकतील असं नव्हतं.

त्यानं जमादाराला बोटं मोजून दाखवली. "दोन पैलवान, एक पंच, एक हलगीवाला. चारच झालं की."

"आन् पाचवा मी?"

"तुमी घरी जावा."

"बंदोबस्त सोडून?"

दगडोबानं धाराशिव गाठलं. पंत पेपर वाचत होते. "इंग्लंडात दंग्याचा कायदा रद्द झाला बघ. चौदाशे अकरा सालचा."

"किती वर्सं लागली, पंत?"

"साडेपाचशे."

"आमची यात्रा परवा हाय."

पंतांनी टिपण काढलं, राहून गेलेला आकडा पाहिला. पेन्शन तोंडावर आली होती. चूक दुरुस्त करायची तर ती कुणाची हे आधी लिहावं लागतं. बंदी रद्द करायला कुणी गुन्हेगार लागत नाही. त्यांनी लिहिलं, 'यात्रेतील दंग्यावर घातलेली बंदी रद्द समजावी.' साहेबानं न वाचता सही ठोकली. साहेब वाचायला लागले तर राज्य चालायचं कसं?

यात्रेच्या दिवशी धोंडीबानं तो कागद तीनदा वाचला. "दंग्याला हरकत न्हाय. कुस्तीचं यात कायबी लिवलं न्हाय."

दगडोबानं लंगोट कसला. "मंग आमी दंगाच करतो. या, विरुपाक्ष."

हलगी कडाडली. सारी वाडी गोळा झाली. विरुपाक्षाची पाठ जमिनीला टेकली तेव्हा जमादाराची टोपीही हवेत होती.

संध्याकाळी मथुराबाईनं ताट वाढलं. मातीचं नाव काढलं नाही.

चार दिवसांनी कचेरीत जमादाराचा अहवाल आला: 'दंगा शांततेत पार पडला. दगडोबा जिंकला.' पंतांनी तो वाचला, त्यात काही चूक दिसली नाही, आणि फाईल बंद केली.