फ्रिजमधलं शेवाळ

देवरावांनी आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही नेमकी बायकोच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. लेक सोनिका कोकणातून समुद्री शेवाळाचे नमुने घेऊन थेट हुडकेश्वरला घरी आली. तिने बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या न ठेवल्या तोच देवराव गल्लीभर सांगून आले, "माही पोरगी व्हायरसवर पीएचडी करून राहिली. दोन डझन बाटल्या भरून आणल्या, घरीच आहेत!"

दुसऱ्या दिवशी साठ माणसांचा स्वयंपाक झाला. बारा वाजले, एक वाजला, तरी दारात एक चप्पल दिसेना. समोरच्या वच्छलाबाईंनी तर खिडक्याही लावून घेतल्या. जिने पोस्टमनलासुद्धा कधी उपाशी जाऊ दिलं नाही, त्या कुसुमच्या नावाचं अन्न असं पडून राहावं? देवरावांना रडूच आलं.

"बाबा, हे व्हायरस शेवाळातच राह्यते. कधीकधी शेवाळालेच पत्ता नसते, माणसाले काय होते?"

"मंग हे मले काल काहून नाही सांगतलं वं?"

"तुमी थांबले कुठं? बाटल्या मोजल्या अन् निंगाले!"

इतक्यात आरोग्य खात्याची गाडी आली. कोणीतरी फोन केला होता. नखशिखान्त झाकलेल्या चौघांनी जपून फ्रिज उघडला. आत हिरव्या बाटल्या आणि त्यांना खेटून दह्याने भरलेलं पातेलं. सोनिकाने पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यांच्यातल्या साहेबांनी मास्क खाली केला, हवा हुंगली.

"मॅडम, कढी केली का?"

"बसा जी, जेवूनच जा," देवराव घाईघाईने म्हणाले.

आरोग्यवालेच पंगतीला बसलेले पाहून वच्छलाबाईंची खिडकी उघडली, मग दार. अर्ध्या तासात अख्खी गल्ली येऊन बसली, आणि शरमेपोटी जो तो दोन वडे जास्तच खाऊन गेला. देवराव भरल्या डोळ्यांनी वाढत राहिले.

शेवटी उरला बुडाचा करपलेला भात आणि पळीभर कढी. तेवढंच घेऊन ते भिंतीला टेकले.

"आई असंच खाये," सोनिका हळूच म्हणाली. "दरवेळी."

घास हातातच राहिला. तीस वर्षं पहिल्या पंगतीला बसले होते ते. कुसुम काय जेवते, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी मान वर केली.

"तू जेवली का वं?"

सोनिका जेवली नव्हतीच.