चाला नं तुमीबी!

कांताबाईंनी मुलाकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: माणसं नसतील अशी जागा. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरचं दार कायम उघडं आणि चहाचं आधण कायम गॅसवर. नवरा, भाऊराव, प्लांटमधून रिटायर झाल्यावर तर येणाऱ्यांना शिफ्ट संपायची वाट पाहण्याचंही कारण उरलं नाही. म्हणून बंगळुरूच्या हर्षलनं आईबाबांसाठी अंदमानातलं एक छोटं निर्मनुष्य बेट शोधलं. सकाळी होडीनं जायचं, डायविंग करायचं, बेट पाहायचं, संध्याकाळी परत.

"दोघंच?" भाऊरावांनी घाबरून विचारलं. त्यांना समुद्राची भीती होतीच, पण गप्पांना कोणी नसण्याची जास्त होती.

"दोघंच," कांताबाई म्हणाल्या. त्या मनापासून खूश होत्या.

आता भाऊराव पडले भंडाऱ्याकडचे. कुठेही निघताना समोरच्याला "चाला नं तुमीबी" म्हणायचं, आणि समोरच्यानं "नाई जी, होऊन या तुमी" म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीत. दळणाला जातानाही ती पाळली जाते. फाटकाशी शेजारचे सुखराम आणि त्यांची बायको सिंधुताई भेटले, तेव्हा भाऊरावांनी ती इमानानं पाळली.

"अंदमानले चाललो, बेटावर. चाला नं तुमीबी!"

"चालतो नं," सिंधुताई म्हणाल्या. "कावून नाई?"

रीतीत याच्यावर उत्तरच नव्हतं.

सिंधुताईंनी बातमी भजनी मंडळात नेली. मंडळाला राग येऊ नये म्हणून भाऊराव घरोघर जाऊन तेच वाक्य म्हणून आले, आणि या वेळी एकालाही नाही म्हणायचं सुचलं नाही. सिविक सेंटरच्या बाजारातले काळे गॉगल संपले. समुद्रात साडी चालते का, यावर दोन तट पडले. निर्मनुष्य बेटावर करमायचं नाही म्हणून मंडळातल्या हिरालालनं ढोलक बांधून घेतली.

"आवो, तिथं कोणी नसते म्हणूनच तं जाऊन राहिलो होतो!" कांताबाई कडाडल्या.

"मंग आताबी कोण आहे? आपलेच तं लोक आहेत!" भाऊराव म्हणाले.

कांताबाईंना रडू आलं. तेवढ्यात सिंधुताईंची बहीण गोंदियाहून बॅग घेऊनच उतरली. होडीच्या बुकिंगमध्ये एक जागा कमी पडली. मग प्रत्येकजण "मी राहतो नं" म्हणाला आणि कोणी खरंच ठेवतं की काय, म्हणून मनातून धास्तावला.

"मी राहते," कांताबाई म्हणाल्या.

"नाई जी, असं कसं!" म्हणायला सगळ्यांनी तोंडं उघडली, तोवर त्यांनी आपला गॉगल त्या बहिणीच्या नाकावर चढवलासुद्धा होता.

"तुयासाठीच तं ठरवलं होतं वो," भाऊराव ओशाळून म्हणाले.

"जा तुमी. सबन लोकायले घेऊन जा. एकालेबी मांगं ठेवू नोका."

बेटाच्या दिवशी अख्ख्या गल्लीला कुलपं होती. फाटक वाजलं नाही, स्कूटर फुरफुरली नाही. कांताबाई ओसरीत खुर्ची टाकून, पाय लांब करून बसल्या होत्या, तेव्हा हर्षलचा फोन आला.

"आई, बाबांचा फोन लागतच नाही, तुझा बरा लागला! कैसा है आयलंड? भीड तर नाही ना?"

कांताबाईंनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"चिटपाखरू नाई रे बापू," त्या म्हणाल्या. "लयच चांगली जागा शोधली तू."