दहा वर्षं जपलेली अकरा युरोंची बाटली

देवदत्त पेंढारकर स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे. तो शब्द त्याला तोकडा पडे. “मी सत्याचा शल्यविशारद आहे,” तो सांगे. “माझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर ती निर्दोष असते.” पोटापाण्यासाठी तो डब्लिनमधल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासत असे. तिथे एकदा डबीत तीसऐवजी एकतीस गोळ्या निघाल्या, तेव्हा तीन आठवडे तपास करून त्याने एक गोळी जास्त असल्याचं सिद्ध केलं होतं.

त्याचा साहाय्यक म्हणजे मेहुणा परेश. डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळेपर्यंत ताईकडे राहायचं, तर भावोजींची वही धरायलाच हवी होती. गरजवंताला अक्कल नसते, असं परेश रोज स्वतःला समजावी.

त्या शनिवारी दोघे डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला, देवदत्तचा मित्र केदारकडे पोचले. केदार आणि सुरुचीच्या लग्नाचा दहावा वाढदिवस होता आणि नेमकी त्यांची बाटली गायब होती. मधुचंद्राला फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतलेली अकरा युरोंची रेड वाइन. आजोबा-पणजोबांच्या पद्धतीनेच वाइन करणाऱ्या त्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, “दहा वर्षं हात लावू नका. आज प्यालात तर मला शिव्या द्याल, दहा वर्षांनी प्यालात तर दुवा.” तेव्हापासून ती जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे आयरिश भाषेत कपाटात, आडवी निजून होती. बाटली गेल्याचं गुरुवारी कळलं आणि तेव्हापासून सुरुची केदारशी बोलत नव्हती. मागच्या वर्षी रग्बीची मॅच बघताना त्याने पाहुण्यांसाठीची बाटली संपवली होती, त्यामुळे संशयाला जागा होती.

देवदत्तने भिंग काढलं. फळीवर पिवळ्या बोटाचा ठसा होता.

“निकोटिन! परेश, लिही. चोर दिवसाला चाळीस सिगारेटी ओढतो.”

परेशने ठसा हुंगला. हळद होती. स्वयंपाकघरात केदारची आई, पद्मिनीबाई, बटाट्याची भाजी परतत होत्या. परेशने मुकाट्याने ‘चाळीस’ लिहिलं.

“धूळ बाटलीच्या जागेपुरतीच पुसली गेलीय,” देवदत्त म्हणाला. “शेजारच्या चार चकचकीत बाटल्या शाबूत. म्हणजे चोराला वाइनमधलं कळतं. माझ्या मते तो शेतकरीच आला असावा. दहा वर्षांत भाव वाढला, म्हाताऱ्याची नियत फिरली.”

“तो नव्वदीचा असेल,” केदार म्हणाला.

“म्हणूनच कुणाला संशय आला नाही! असो. आता फक्त काकूंची जबानी राहिली.”

“मी प्यायलो,” केदार घाईघाईने म्हणाला.

सुरुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. “एकट्याने?” तिने विचारलं. परेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहीत खरं लिहिलं असतं, तर ही वेळ आली नसती.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या मॉरीनबाई जेवायला आल्या होत्या. हात हलवत कुणाकडे जायचं नाही, हा आयरिश बायकांचाही नियम. त्यांनी सुरुचीच्या हातात बाटली ठेवली आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, “मला रेड वाइन सोसत नाही, म्हणून घरात होती तीच आणली. जुनी दिसते, पण चांगली असेल, ग्रँड.”

ती तीच होती.

“आत्ता गं बया!” पद्मिनीबाई झारा घेऊन बाहेर आल्या. “ही परत आली व्हय? ह्या बाईंनी सफरचंदाचा तो ॲपल पाय आणून दिलेला. डिश रिकामी कशी द्यायची? लाडू संपलेले. मग ही धूळ खात पडलेली दिली. चांगल्या चार बाटल्यांना हातसुदीक लावला न्हाई हो मी!”

सुरुची केदारकडे वळली. “मग तू काय प्यायलास?”

“काही नाही. हळद मी गुरुवारीच ओळखली. वाटलं, आईने केर समजून टाकून दिली असेल, म्हणून तिला काही विचारलंच नाही. सोमवारी ती परत जातेय. तिने रडत विमानात बसू नये, एवढंच.”

“परेश, लिही,” देवदत्त म्हणाला. “चहूबाजूंनी कोंडी केल्यामुळे मुद्देमाल स्वतःहून हजर.”

परेशने वही मिटली. ताईला काय सांगायचं ते नंतर बघू, असं त्याने ठरवलं.

“दहा वर्षांत पहिल्यांदा धडधडीत खोटं बोललास,” सुरुची केदारला म्हणाली, “आणि तेही सासूबाईंसाठी!” तिने डोळे पुसले, हसली आणि बूच काढायचा स्क्रू त्याच्या हातात दिला.

पहिला ग्लास केदारने तिला दिला. एक घोट घेऊन ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि या खेपेला कुणालाच त्याची काळजी वाटली नाही.